पुढे बंदूकवाला, मागे चहावाला : आफ्रिकेतली पायी सफारी
(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)



मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, सरपण आणायला आपण जंगलात पायीच जातो. पण जगात असेही लोक आहेत, जे विमानाचं तिकीट काढतात, एका रात्रीचे शेकडो डॉलर मोजतात आणि जंगलात पायी चालायला जातात. गटाच्या बैठकीत आम्ही हे सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "आमाले तं कोणी पैसे देत नाही बाप्पा, उलट वनरक्षकच हटकते."

आज त्याच पायी सफारीबद्दल बोलायचं आहे. आमच्यापैकी कुणी आफ्रिकेला गेलेलं नाही. पण तिथले वाटाडे कसे चालतात, काय नियम पाळतात, गावाला त्यातून काय मिळतं, हे आम्ही वाचलं, समजून घेतलं. त्यातलं बरंच आपल्या कामाचं आहे, म्हणून सांगतो.

आधी शब्द बघू. 'सफारी' हा पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला शब्द. त्याचा अर्थ प्रवास. तो आला अरबी भाषेतून, आणि तिथूनच फारसीच्या वाटेने आपला 'सफर' हा शब्द आला. म्हणजे सफर आणि सफारी या सख्ख्या बहिणी.

दुसरा शब्द सवाना. म्हणजे मोठं गवताळ माळरान, मधूनमधून झाडं, कुठे दाट तर कुठे विरळ. पावसाळ्यात गवत माणसाच्या डोक्यावर जातं, उन्हाळ्यात वाळून भुईसपाट होतं. आफ्रिकेत अशी माळरानं अनेक देशांत आहेत. आज आपण जाणार आहोत झांबिया देशात, लुआंग्वा नावाच्या नदीच्या खोऱ्यात. पायी सफारीची सुरुवात म्हणून याच खोऱ्याचं नाव घेतलं जातं.

झांबिया हा आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा देश. त्याला समुद्र नाही. आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, पण लोकसंख्या साधारण दोन कोटी. लुआंग्वा नदी पुढे झांबेझी या मोठ्या नदीला मिळते. नदीकाठी दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान आहे, ९,०५० चौरस किलोमीटरचं. आपला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफर धरून १,७०० चौरस किलोमीटरच्या थोडा वर आहे. म्हणजे तसे पाच ताडोबे त्यात मावतील. तिथे वाघ नाही. सिंह, बिबट्या, हत्ती, रानरेडे, जिराफ, तरस आहेत आणि नदीत पाणघोडे नि मगरी आहेत. झाडांमध्ये एक ओळखीचं झाड भेटतं, चिंच. आपण चिंचेला आपलीच समजतो, पण तिचं मूळ गाव आफ्रिका. आपल्याकडे कुठे कुठे दिसणारी ती जाड बुंध्याची गोरखचिंचही तिकडचीच.

आता ही पायी सफारी सुरू कशी झाली? शंभर वर्षांपूर्वी तिथे बाहेरून येणारा माणूस बहुधा बंदूक घेऊन यायचा, हत्ती किंवा सिंह मारायला. देशावर इंग्रजांचं राज्य होतं. त्यांच्याच नोकरीत नॉर्मन कार नावाचे एक वन्यजीव अधिकारी होते. आधी पिकात घुसणारे हत्ती मारणं हे त्यांचं काम होतं. पुढे त्यांना वाटायला लागलं, की जनावर जिवंत ठेवूनही पैसा येऊ शकतो. पण जमीन तर तिथल्या कुंदा लोकांची. म्हणून १९५० साली ते त्यांच्या न्सेफू नावाच्या प्रमुखाकडे गेले. आपल्याकडे जुन्या काळी गावच्या पाटलाचा शब्द चालायचा, तसा तिथे प्रमुखाचा चालतो. कार यांनी सुचवलं, की जमिनीचा एक भाग जनावरांसाठी राखा, तिथे पाहुण्यांना मुक्कामाला येऊ द्या, ते बंदूक नाही तर कॅमेरा आणतील आणि त्यांच्याकडून येणारा पैसा तुमच्या लोकांना मिळेल. न्सेफूंनी होकार दिला. नदीकाठी साध्या गोल झोपड्यांचा तळ उभा राहिला. पुढे कार यांनी पाहुण्यांना गाडीऐवजी पायी फिरवायला सुरुवात केली आणि ती पद्धत आफ्रिकेत बाकी ठिकाणीही गेली. १९६४ मध्ये झांबिया स्वतंत्र झाला आणि १९७२ मध्ये दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

बायांनो, या गोष्टीत एक मुद्दा धरून ठेवा. पहिला तळ उभा राहिला तोच गावाच्या वाट्याच्या बोलीवर. वाटा आधी ठरला, पाहुणे मागून आले. या मुद्द्याकडे आपण परत येऊ.

आता प्रत्यक्ष चालणं कसं असतं ते ऐका. पायी फिरायचे दिवस म्हणजे कोरडे दिवस, साधारण जून ते ऑक्टोबर. गवत बसलेलं असतं, लांबचं दिसतं आणि पाणी आटल्यामुळे जनावरं नदीजवळ येतात. नोव्हेंबरपासून पाऊस लागला की वाटा बुडतात. आडरानातले बरेच तळ गवत-लाकडाचे असतात. ते पावसाआधी मोडायचे नि दर वर्षी नवे बांधायचे. त्यातून गावच्या लोकांना काम मिळतं.

पहाटे उजाडताना निघायचं, तीन-चार तास चालायचं आणि ऊन तापायच्या आत परत. पाहुणे सहा-सातच. लहान मुलांना नेत नाहीत. सगळ्यांनी एका ओळीत चालायचं, मुंग्यांसारखं. सगळ्यात पुढे बंदूकधारी वनरक्षक. त्याच्या मागे वाटाडा. मग पाहुणे. आणि बऱ्याचदा शेवटी एक माणूस, पाठीवर चहाचं सामान घेतलेला. मध्येच सावलीला बसून चहा होतो. पण शेवटच्या माणसाचं काम फक्त चहाचं नाही. ओळीत कुणी मागे राहत नाही ना, मागून काही येत नाही ना, हे तोच बघतो.

कपडे मातकट रंगाचे. पांढरं किंवा भडक घालायचं नाही, ते लांबून दिसतं. निळं-काळंही नको, कारण तिथे त्से-त्से नावाची चावरी माशी आहे आणि ती निळ्या-काळ्या कापडाकडे ओढली जाते. या माशीमुळे माणसाला निद्रारोग होतो आणि गुराढोरांनाही आजार होतो. म्हणून त्या खोऱ्यात गाई-बैल पाळणं फार अवघड. बैल नाही, म्हणजे नांगर नाही, शेणखत नाही, दुधाचा जोडधंदा नाही. तिथल्या बाईच्या शेतीचं काम किती हातावर येत असेल, याचा अंदाज आपल्याला येऊ शकतो.

वाटाड्याकडे एक छोटी पुरचुंडी असते. तिच्यात चुलीतली राख. मध्येच तो ती झटकतो आणि राख कुठे उडते ते बघतो. वारा आपल्याकडून जनावराकडे जात असेल, तर जनावराला आपला वास आधीच लागतो. म्हणून वारा तोंडावर घेत चालायचं. आपणही धान उफणताना वाऱ्याचा अंदाज घेतो, तशीच ही गोष्ट.

पाहुणे पैसे कशाचे देतात, तर वाटाड्याच्या नजरेचे. पाहुण्याला जिथे नुसती धूळ दिसते, तिथे वाटाडा रात्रभराची हकिगत वाचतो. हा ठसा तरसाचा, कारण नखं उमटलीत. हा बिबट्याचा, कारण मांजरकुळातलं जनावर चालताना नखं आत ओढून घेतं. आपल्याकडे वाघ की कुत्रा हे आपण असंच ओळखतो. वाळलेली पांढरी विष्ठा दिसली तर ती तरसाची, कारण ते हाडं फोडून खातं. हत्तीच्या पुढच्या पायाचा ठसा दोरीने मोजायचा, घेर दुप्पट करायचा, की त्याची खांद्यापर्यंतची उंची कळते. गिधाडं घिरट्या घालत खाली उतरताना दिसली, तर तिथे काहीतरी मरून पडलं आहे आणि खाणारा जवळ असू शकतो. माकडं, हरणं ओरडायला लागली की सिंह किंवा बिबट्या जवळपास. आपल्या रानात चितळ, भेकर, वानर हेच काम करतात. रानरेड्यांच्या अंगावर बसून गोचिडं खाणारा एक पक्षी आहे. तो झुडपातून ओरडत उडाला, तर आत रेडा बसलेला असू शकतो. तिथेच थांबायचं.

आणखी एक गंमत ऐका. आफ्रिकेत एक छोटा पक्षी आहे, जो माणसाला मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो. झाडावर बसून हाका मारतो, थोडा पुढे उडतो, परत हाका मारतो. माणूस धूर करून मध काढतो आणि पक्ष्याला मेण मिळतं. दोघांचाही फायदा. हा तर पिढ्यान् पिढ्यांचा करार.

हे सगळं ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही. नदीकाठच्या गावांत वाढलेल्या लोकांनी ते आई-बापाकडून, आजा-आजीकडून घेतलं. आता वाटाडा व्हायला परीक्षा द्यावी लागते आणि पायी सफारीची परीक्षा गाडीवरच्या वाटाड्याहून अवघड असते. पण परीक्षेत जे विचारतात, त्यातलं पुष्कळ गावातल्या म्हाताऱ्या माणसाला आधीच ठाऊक असतं.

आता नियम. पहिला नियम, पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे सिंह लागतो. सिंह समोर आला तर जागेवर उभं राहायचं, एकत्र राहायचं, त्याच्याकडे पाठ करायची नाही आणि वाटाडा सांगेल तसं हळूहळू मागे सरायचं. पाणघोडा आणि नदी यांच्या मध्ये कधीच यायचं नाही, कारण घाबरला की तो सरळ पाण्याकडे धावतो. कळपातून बाहेर पडलेला म्हातारा रेडा झुडपात एकटा बसतो, म्हणून दाट झुडूप टाळायचं. आणि पिल्लू असलेल्या हत्तिणीपासून लांब राहायचं.

इतकं करूनही धोका उरतोच. जुलै २०२५ मध्ये याच दक्षिण लुआंग्वात पायी चालणाऱ्या दोन महिला पर्यटकांवर पिल्लासोबतच्या हत्तिणीने हल्ला केला आणि दोघींचा जीव गेला. दोघींचं वय साठीच्या पुढे होतं. सोबतच्यांनी गोळ्या झाडून हत्तिणीला थांबवायचा प्रयत्न केला, तरी त्या वाचल्या नाहीत. ती बातमी जगभर छापून आली. पण त्याच खोऱ्यात पाण्याला गेलेली बाई मगरीने ओढून नेली, मक्याच्या शेताची राखण करणारा माणूस हत्तीने मारला, अशा घटना लांबच्या वर्तमानपत्रापर्यंत पोचत नाहीत. आपल्याकडे मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात बाया जातात. त्या घरांचं दुःख आपण जवळून बघतो.

म्हणून पैशाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्या जनावराला बघायला पाहुणा येतो, त्याच जनावराचा त्रास गावाला सोसावा लागतो. पिकाच्या दिवसांत हत्ती एका रात्रीत मक्याचं शेत साफ करतो. उद्यान झालं की आत राहणं बंद, शिकार बंद. मग गावाने जनावर का राखावं? न्सेफू प्रमुखांच्या बोलीत या प्रश्नाला उत्तर होतं, पुढे ते पुसट झालं. १९७० आणि ८० च्या दशकांत त्या खोऱ्यात चोरट्या शिकारीने कहर केला. हस्तिदंतासाठी हत्ती हजारोंनी मारले. काळे गेंडे तर पार संपले. २००३ पासून उत्तर लुआंग्वात बाहेरून गेंडे आणून पुन्हा वसवले आहेत. १९९८ च्या वन्यजीव कायद्याने गावकऱ्यांची मंडळं आली, म्हणजे उत्पन्नातला वाटा आणि निर्णयातला आवाज गावाला कायद्याने मिळाला. कागदावरचं प्रत्यक्षात किती येतं, हा वाद तिथेही आहे, जसा आपल्याकडे आहे.

बायांनी तिथे काय केलं? दोन कामं सांगतो.

पहिलं काम २००३ साली सुरू झालेल्या 'कोमाको' या संस्थेचं. कल्पना सोपी होती. माणूस फास का लावतो? कारण घरात दाणा नसतो. मग शेती सुधारा, मालाला चांगला भाव द्या आणि बदल्यात फास नि गावठी बंदुका जमा करा. शेंगदाणा, सोयाबीन, तांदूळ, मध असा माल संस्था विकत घेते, त्यावर प्रक्रिया करते आणि 'इट्स वाइल्ड' या नावाने शहरात विकते. त्यांचं शेंगदाण्याचं लोणी देशात चांगलं खपतं. माल पिकवणाऱ्यांत बायांचा मोठा वाटा आहे. आपण लोणची-पापड करतो, चटणी-मसाले करतो. ते गावाच्या बाजारातच राहतात, कारण एक नाव, एक पाकीट, एक दर्जा हे आपल्याला अजून जुळवायचं आहे.

दुसरं काम उद्यानाच्या वेशीवरच्या म्फुवे गावातलं. जंगलात गस्त घालणारे जे तारेचे फास गोळा करून आणतात, त्यांपासून तिथल्या बाया दागिने घडवतात. ज्या तारेत हरणाचा पाय अडकला असता, त्याच तारेचा हार पर्यटक बाई गळ्यात घालून घरी जाते.

वाटाड्याच्या कामात मात्र बाया अजून कमी आहेत. पण शेजारी बदल दिसतो. बोट्स्वाना देशात चोबे उद्यानातल्या एका मोठ्या निवासात गाडी चालवणाऱ्या, नाव चालवणाऱ्या, जनावरं दाखवणाऱ्या सगळ्या वाटाड्या बायाच आहेत. झिम्बाब्वेत २०१७ पासून 'अकाशिंगा' नावाचं महिला वनरक्षकांचं दल काम करतं. त्यात सुरुवातीला घेतलेल्या बाया घरच्या छळाने पोळलेल्या, एकट्याने लेकरं वाढवणाऱ्या अशा होत्या. आणि झांबियातल्या बाया 'चिलिंबा' लावतात. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे टाकायचे, एकीने उचलायचे. म्हणजे आपली भिशी! नाव वेगळं, हिशेब तोच.

आता आपल्यासाठी काय, ते नीट ऐका. एक फरक आधी लक्षात घ्या. सफारीचा पाहुणा गुपचूप चालतो, कारण त्याला जनावर बघायचं असतं. आपल्याला जनावर बघायचं नसतं, आपल्याला सुखरूप घरी यायचं असतं. म्हणून आपण उलट करायचं. जंगलात जाताना बोलत, आवाज करत जायचं, म्हणजे वाघाला, अस्वलाला आधीच कळेल आणि ते बाजूला होतील. दबकत जायचं नाही. अंधार असताना निघायचं नाही, दिवस मावळायच्या आत परतायचं.

पण तिथल्या ओळीतून एक गोष्ट जशीच्या तशी घ्या. त्यांच्याकडे पुढे एक नजर असते आणि मागे एक नजर असते. आपण तेंदूपत्ता तोडतो, मोहफुलं वेचतो, तेव्हा सगळ्याच जणी वाकलेल्या असतात, मान खाली, कुणाचंच लक्ष नाही. आठ जणी असाल तर एकीने वेचायचं नाही, उभं राहून चारी बाजूंना बघायचं. पाळीपाळीने हे काम करायचं आणि तिचा वाटा बाकीच्यांनी भरून द्यायचा. "एका माणसाची मजुरी बुडते" असं कुणी म्हणेल. सफारीवाले बंदूकवाल्याची मजुरी बुडाली असं कधी म्हणत नाहीत, कारण बाकीच्यांचं चालणं त्याच्या जिवावर असतं. वानर, चितळ ओरडलं की हात थांबवायचे, एकत्र यायचं. ताजा ठसा दिसला तर त्या दिवशी ते रान सोडायचं आणि वनरक्षकाला कळवायचं.

आणि दुसरी गोष्ट वाट्याची. व्याघ्र प्रकल्पालगतच्या ज्या गावांत परिस्थितीकीय विकास समिती किंवा संयुक्त वनव्यवस्थापन समिती आहे, तिथे ग्रामसभेत उभं राहून विचारा. समितीत बाया किती आहेत? त्यांना सभेचा निरोप मिळतो का? पर्यटनातून आणि योजनेतून गावाला किती पैसा आला आणि कशावर खर्च झाला? हिशेब वाचून दाखवा म्हणा. गटाचा हिशेब आपण दर महिन्याला वाचतो, एक रुपयाचा फरक निघाला तरी उठायच्या आधी शोधतो. मग गावाचा हिशेब ऐकायला लाजायचं कशाला? आणि पुढच्या वेळी गाइडच्या जागा निघाल्या, की आपल्या मुलींची नावं द्या. ठसे, हाका, वारा, झाडं ओळखणं हे त्यांना घरातूनच मिळालेलं आहे.

तर या महिन्याच्या बैठकीत दोन विषय घ्या. एक, जंगलात जाणाऱ्या टोळीत राखण कोण करणार, याची पाळी ठरवा. दोन, ग्रामसभेत हिशेब कोण विचारणार, तिचं नाव ठरवा. दोन्ही नावं इतिवृत्ताच्या वहीत लिहा आणि खाली सगळ्यांनी सह्या करा.